प्रताप भोयरांचं ‘हव’

"तो क्या इस सीज़न में भी आपकी टीम आखिरी आएगी?" पत्रकाराने माइक पुढे केला.

"हव," प्रताप भोयर म्हणाले.

खरं म्हणजे त्यांना प्रश्न ऐकूच आला नव्हता. दुसऱ्या कानाशी टीमचे मालक सेठजी समोशांबद्दल काहीतरी सांगत होते, आणि तो हव सेठजींना होता. पण कोणाचा हव कोणासाठी, हे माइक थोडाच तपासतो! सकाळी पेपरात मथळा आला: ‘मैनेजर ने माना, रायपुर फर्नेस फिर आखिरी’. खाली जाणकारांचं मत होतं. संघ आठवा येईल, कारण लीगमध्ये नववा संघ नाही.

हव म्हणजे हो. छत्तीसगढीतला हा शब्द भोयरांनी वर्ध्याहून रायपूरला आल्याबरोबर उचलला आणि पुन्हा खाली ठेवलाच नाही. शहराबाहेर सिलतऱ्याला सेठजींच्या लोखंडाच्या कारखान्यात धरमकाट्यावर ट्रक तोलण्यात त्यांची उमेद गेली. रविवारी या म्हटलं की हव. पगारवाढ पुढच्या वर्षी म्हटलं की हव. मग सेठजींनी बास्केटबॉलची व्यावसायिक टीम विकत घेतली. मॅनेजर कोणाला करावं म्हणून त्यांनी ऑफिसभर नजर फिरवली, ती सहा फूट तीन इंचांवर जाऊन अडकली.

"भोयरजी, आप लंबे हो. मैनेजर बन जाओ."

"हव."

तोवर त्या उंचीचा उपयोग पंख्याची जळमटं काढायला, माळ्यावरचे डबे उतरवायला आणि लग्नात फोटोच्या मागच्या रांगेत उभं राहायला. आता अंगावर टीमच्या रंगाचा नारिंगी ट्रॅकसूट आला. काट्यावर ड्रायव्हर त्यांना ‘ओ काँटा’ म्हणत, इथे खेळाडू ‘सर’ म्हणू लागले. बायकोचं मंगळसूत्र सांधायला ते सदर बाजारात गेले तेही ट्रॅकसूट घालून. सोनाराने खुर्ची दिली. भोयरांना आयुष्यात खुर्ची मिळाली होती, पण ती बहुधा वरचं काही काढण्यासाठी.

आणि आता हा पेपर. सेठजींनी तो टेबलावर आपटला.

"शनिवार को पुणे वालों से दोस्ताना मैच है. हारे, तो सीज़न से पहले टीम बेच दूँगा और आप वापस काँटे पर. समझे?"

"हव."

घरी, समता कॉलोनीत, वीणाताईंनीही पेपर वाचला होता.

"काहून बोलले असं?"

"सेठजीले बोललो वं मी. पेपरवाल्याले नाही."

"तुमच्या तोंडात दुसरा शब्दच नाही. पाहाले आले तवा बाबानं विचारलं, पोरगी पसंत आहे का? तुम्ही म्हनले, हव. बाबाले वाटलं, आखीन पोह्याले हो म्हनले. तीन प्लेटा चारल्या, तवा कुठं उलगडा झाला."

त्यांची लेक श्रावणी मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. "पापा, टीम बिक गई तो ट्रैकसूट भी वापस देना पड़ेगा?"

भोयरांनी ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग ताटातल्या भाजीशी बोलावं तसं म्हणाले, "मले नाही जायचं वापस काट्यावर."

वीणाताईंचा हात पोळीवर थांबला. या माणसाला काही नको असू शकतं, हे त्यांना नवीन होतं.

"मंग सांगा न सेठजीले."

"सांगतो न," भोयर म्हणाले, आणि शनिवारपर्यंत सांगितलं नाही.

शनिवारी सामना शेवटच्या घटकेला आला तेव्हा रायपूर एका गुणाने मागे होतं. चेंडू रायपूरकडे होता. भोयर मैदानाच्या कोपऱ्यात, रेघेला अगदी चिकटून उभे, डोळे चेंडूवर. मागच्या सोफ्यावर सेठजी व्याह्यांना घेऊन बसले होते, आणि त्यांना नेमका तेव्हाच घाम फुटला.

"भोयरजी, कूलर इधर घुमाओ! ठंडा पानी! अरे, समोसे!"

मान न वळवता भोयरांनी हात उंच केला आणि गर्दीच्या वरताण ओरडले, "हव! हव! हव!"

पुण्याचा चारुदत्त तेव्हा रायपूरच्या ऋषिकेश साहूला अडवून उभा होता. त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून एक नारिंगी, ताडमाड आकृती दिसली. वर गेलेला हात दिसला. आणि ऐकू आलं ते चक्क मराठीत: हवं, हवं, हवं! इतक्या कळवळून चेंडू मागणारा माणूस मोकळा सोडायचा कसा? तो ऋषिकेशला सोडून धावला आणि दोन्ही हात पसरून भोयरांपुढे उभा ठाकला. पाहुणा समोर आला म्हणून भोयरांनी नमस्कार केला.

तेवढ्यात चेंडू ऋषिकेशकडे आला. आजूबाजूला कोणीच नव्हतं. त्याने तो देवाला फूल वाहावं तसा रिंगमध्ये ठेवला. शिट्टी वाजली. रायपूर एका गुणाने जिंकलं!

पुण्याच्या कप्तानाने तक्रार केली. बिलासपूरच्या पंचांनी विचार केला. "‘हव’ बोलना मना है, ऐसा कोई रूल नहीं है, भैया. होता तो छत्तीसगढ़ में खेल ही बंद हो जाता."

लोकांनी भोयरांना उचलण्याचा प्रयत्न केला, पण त्यांचे पाय जमिनीवरच राहिले. जाणकारांनी जागच्या जागी संघ आठव्यावरून दुसऱ्या नंबरावर आणला. तोच पत्रकार धावत आला. "सर, अब टीम चैंपियन बनेगी?" या वेळी भोयरांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, आणि मग म्हणाले, "हव."

गर्दीतून चारुदत्त आला. "काका, मला वाटलं तुम्हाला बॉल हवाय."

"मले? मी काय करू बॉलचं? मी तं सेठजीले हो म्हनून राहिलो होतो."

"आमच्याकडे हवं म्हणजे पाहिजे ना."

"असं का," भोयर म्हणाले. घरात सगळे ‘पाह्यजे’च म्हणत. तेही बाकीचे. ते स्वतः नाही.

एवढ्यात सेठजींनी येऊन त्यांच्या बरगड्यांना मिठी मारली. "टीम नहीं बिकेगी! आप मैनेजर बने रहोगे न?"

सवयीचा शब्द जिभेवर आला. भोयरांनी तो क्षणभर धरून ठेवला.

"हवं," ते म्हणाले.

सेठजींना नेहमीचंच ऐकू आलं. ते समोशांकडे गेले. शेवटी जरासा लांबलेला तो सूर फक्त मॅच पाहायला येऊन पिशवी धरून मागे उभ्या असलेल्या वीणाताईंनी ऐकला.

हॉल रिकामा झाला. भोयर रिंगखाली जाऊन उभे राहिले. जन्मभर जे काढायला सांगितलं ते त्यांच्या हाताला सहज आलं होतं. त्यांनी हात वर केला. जाळी वीतभर उंच राहिली.

"वीणा, धर," म्हणून त्यांनी चष्मा तिच्या हातात दिला, कोणी पाहत नाही ना ते पाहिलं, आणि उडी मारली.

जाळीच्या दोऱ्या बराच वेळ हलत होत्या.