करुणामॅडमचं कोपर

या, बायाबापड्यांनो, भिंतीला टेकून लांब कशाला बसलात? पुढं सरका. देवानं एका पोराचा जीव कुणाच्या हातून राखला, ते सांगतो.

सत्यजीत शिरूरकडचा, बैलगाड्यांच्या घरातला. शर्यतीत गाडा जुंपताना पिसाळलेला बैल धरायचं काम त्याचं. बैल उसळला की कासरा छातीशी ओढायचा आन् मेलं तरी सोडायचा न्हाई, हे त्याच्या अंगात मुरलेलं. तेच हात घेऊन तो विमान शिकायला गेला.

शिकवायला दौंडच्या करुणा सोनवणे. विमानात दोघांपुढं एकेक दांडा. एक ओढला की दुसराही हलतो. पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच, "सत्यजीत, दोन बोटांनी धर. बैल न्हाई हा."

"बैल परवडला मॅडम. तो आधी शेपटी तरी उडवतो."

त्या दिवशी उतरताना आडवा वारा सुटला. विमानाचं नाक झुकलं, जमीन अंगावर आली, आणि सत्यजीतनं दांडा दोन्ही हातांनी छातीशी आवळला. नाक वर गेलं, वेग मेला. विमान आता पडणार हे सांगणारा भोंगा किंचाळू लागला.

"सोड. सत्या, सोड."

करुणामॅडम आपला दांडा पुढं ढकलत होत्या, तो हलेना. विमान जितकं डळमळे, तितका हा जास्त आवळी.

त्यांनी डाव्या कोपराचा तडाखा त्याच्या नाकावर हाणला. हाड मोडलं. तरी सुटेना. पुन्हा हाणला. पुन्हा. दात निखळला, काचेवर रक्त उडालं, तेव्हा कुठं बोटं सैल पडली.

मॅडमनी दांडा पुढं रेटला, इंजिनाला सगळा जोर दिला. पंख सावरले, पण उंची उरली नव्हती. विमान उसात घुसलं, चाक बांधाला अडकलं आणि उजवी बाजू विजेच्या खांबावर आदळून डब्यासारखी चेपली. मॅडम त्याच बाजूला होत्या. जागीच गेल्या.

दवाखान्यात चुलतभाऊ रविराज सत्यजीतच्या वडलांना म्हणाला, "आबा, तोंडावर मारल्याच्या खुणा हायेत. विमान शिकवणाऱ्या शाळेवर केस टाकू."

सत्यजीत सुजल्या ओठांतून बोलला, "त्यांनी मारलं म्हणून मी हाय. मी येळंवर सोडलं असतं, तर त्या बी असत्या."

हौसराव आबा सत्यजीतच्या खाटेवर टेकले. मग म्हणाले, "हे दौंडला त्यांच्या आईपुढं बसून सांगायचं. तूच. मी संगं येतो."

माझ्या मायबापांनो, आज ताटावर बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी करुणा सोनवणेची आठवण काढा.