दसऱ्यानंतर बंद पडलेली लेन्स

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्वेताने कॅमेरा सुरू केला, तर पडद्यावर एफच्या पुढे लेन्सच्या छिद्राचा आकडा येण्याऐवजी नुसत्या दोन आडव्या रेघा. म्हणजे काय, तर कॅमेऱ्याला लेन्स दिसतच नाही. किलोभर वजनाची लेन्स समोर लावलीय, आणि कॅमेरा विचारतोय, कुठाय?

तिने लेन्स काढली, परत फिरवून लावली. टक आवाज झाला. रेघा तशाच. बॅटरी काढून पाच मिनिटं थांबायचं असतं, ती एक मिनिट थांबली. कार्ड बदललं. मेनूत जाऊन सगळं नव्या कॅमेऱ्यासारखं करून टाकलं. मधेच एकदा आकडा आला, एक फोटो निघाला, तोही सगळा ठिपक्याठिपक्यांचा. मग परत रेघा.

रविवारी बोरिवलीत साखरपुडा होता. चारकोपच्या सेक्टरमधली बारशी आणि डोहाळजेवणं सोडून तिला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. हॉल, दीडशे माणसं, आणि नवरीच्या आईने स्वतः फोन करून सांगितलेलं, की तू काढलेले बारशाचे फोटो बघून तुलाच बोलवायचं ठरवलं. या कामासाठीच तिने कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी लेन्स विकून टाकली आणि मुलुंडच्या एका काकांकडून ही वापरलेली चोवीस-सत्तर घेतली. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं अख्खं घर या एका लेन्सवर चालतं, जवळचं आणि लांबचं सगळं तिच्यात येतं. घेऊन आठवडाही झाला नव्हता. घरात दुसरी लेन्स नाही, की लावून बघावी.

डोळा तिचा घारीचा. टॉर्च मारून तिने लेन्स पुढून बघितली, मागून बघितली, बुरशी शोधली, ओरखडा शोधला. कॅमेऱ्याच्या आत मात्र डोकावली नाही. ज्याच्यावर संशय त्याचीच झडती घ्यायची, ही तिची रीत.

मग तिने मुलुंडला फोन लावला.

काकांचं नाव देवव्रत. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, पक्ष्यांचे फोटो काढणारे. त्यांनी नमस्कार म्हणायच्या आत श्वेताने सुरुवात केली. सेकंडहॅण्ड म्हणून मेलेला माल गळ्यात मारलात, पोरगी बघून फसवलंत, सात दिवसांत परत घेईन म्हणाला होतात, आज सहावा आहे, पैसे तयार ठेवा. बरंच काही बोलली. स्वयंपाकघरातून आईने "अगं हळू" म्हटलं, तर तिलाही ऐकवलं. पलीकडून काका सगळं ऐकून एवढंच म्हणाले, की ये, पण नुसती लेन्स आणू नकोस, कॅमेरा पण आण.

कॅमेरा कशाला, म्हणून तिचं डोकं आणखी तापलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. तरी घेऊन गेली. लिंक रोडच्या बसमध्ये खिडकीशी बसून तिने काकांना सुनवायची चार वाक्यं तयार केली आणि मुलुंड येईपर्यंत ती घासूनपुसून चकचकीत केली.

दार काकूंनी उघडलं, मधुवंती काकूंनी. त्यांनी पाणी दिलं. तयार वाक्यांतलं पहिलं वाक्य पाण्याबरोबर गिळावं लागलं. काकांनी टेबलावर पांढरा पंचा पसरला होता. शेजारी त्यांचा स्वतःचा कॅमेरा, तिच्याच कंपनीचा. ते काहीही न बोलता तिची लेन्स घेऊन आपल्या कॅमेऱ्यावर लावायला लागले. हात जरा थरथरत होते, त्यामुळे खूण जुळायला वेळ लागला. टक. पडद्यावर आकडा आला. त्यांनी काकूंचा एक फोटो काढला, खिडकीतल्या तुळशीचा एक काढला. दोन्ही झकास.

"आता ही माझी दुसरी लेन्स तुझ्या कॅमेऱ्यावर लाव," ते म्हणाले.

तिने लावली. दोन आडव्या रेघा.

श्वेताने कॅमेरा पंच्यावर ठेवला. वाक्यं होती अजून तीन, पण ती आता कुणाला सांगायची?

काकांनी लेन्स काढून टॉर्च तिच्याच हातात दिली. बघ म्हणाले. मिररलेस कॅमेऱ्याची लेन्स काढली की समोर काही आडोसा नसतो, ज्यावर फोटो उमटतो ती काच, म्हणजे सेन्सर, थेट उघडा. त्याच्या भोवती धातूचं कडं, आणि कड्याच्या आत खालच्या बाजूला सोनेरी दाण्यांची एक ओळ. त्या दाण्यांतून कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी बोलतात. त्या ओळीवर अगदी मधोमध लाल-पिवळं काहीतरी सुकून खपली धरून बसलं होतं. आणि काचेवर बारीक कण.

"गंज आहे का?" काकूंनी मागून विचारलं.

गंज नव्हता. श्वेताने बघितल्या बघितल्या ओळखलं. करंगळीच्या शेजारच्या बोटाने, पाण्यात कालवून, नेमकं मधोमध लावलेलं. हळदकुंकू.

काल खंडेनवमीचं राहिलेलं सगळं दसऱ्याला एकदमच झालं होतं. आजोने चौरंगावर हत्यारं मांडली. बापाचा पाना, आईची शिलाई मशीन, श्वेताचा कॅमेरा. आजो म्हणजे तिचा आजोबा, गुणाजी. मालवणातून येऊन तीस वर्षं गिरणीत साचे चालवलेला माणूस. साचा म्हणजे माग. दसऱ्याला गिरणीत साच्याची पूजा व्हायची, आणि आजोचा तिथलाच नियम होता, की वरच्या पत्र्याला कुंकू लावून उपयोग नाही. झाकण उघडायचं आणि जे फिरतं, जे राबतं, त्याला लावायचं. श्वेता लेन्स कशी फिरवून काढते ते त्याने रोज बघितलं होतं. ती रांगोळी काढत असताना त्याने झाकण उघडलं, आतलं यंत्र शोधलं आणि सोनं दिसलं तिथे बोट टेकवलं. मग लेन्स परत बसवून वर झेंडूचं फूल ठेवलं.

हे तिने काकांना सांगितलं, पण खाली बघून. काकू हसल्या. काका हसले नाहीत.

"तू फोनवर मला काय काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"आठवतंय मला."

"मग ठीक आहे. मला परत ऐकायचं नाहीये."

सॉरी हा शब्द तिच्या तोंडातून निघाला तो अगदी बारीक आवाजात. काकांनी मान हलवली आणि विषय कामाकडे नेला. सर्व्हिस सेंटरला दिला तर आठ दिवस. साखरपुडा परवा. इथेच साफ करायला लागणार, आणि तेही तिलाच. "माझे हात बघ," ते म्हणाले, "मी गेलो काच पुसायला तर उरलासुरला कॅमेरा पण जाईल."

त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली आणि श्वेताला म्हणाले, आता दहा मिनिटं गप्प बस. खोलीतली धूळ खाली बसू दे. बोलू नको, उठू नको, केस झटकू नको.

आता दहा मिनिटं गप्प बसता येत असतं तर श्वेताने अकरावी सोडली असती का? ती बसली. ऑक्टोबरची दुपार, घाम मानेवरून पाठीत. तिसऱ्या मिनिटाला पाय हलायला लागला, काकूंनी त्याच्याकडे बघितलं, तो थांबला.

आधी सोनेरी दाणे. कापूस गुंडाळलेल्या कानकाडीला थोडं स्पिरिट, कॅमेरा उलटा धरलेला, म्हणजे खपली सुटली तर बाहेर पडेल, काचेवर नाही. एक कानकाडी केशरी झाली, फेकली. दुसरी पिवळी झाली, फेकली. पाचवी पांढरीच राहिली. मग काचेवर रबरी पंपाने हवा. हळदीचा कण काचेवर असताना पुसलं तर तोच कण काच खरवडणार, म्हणून वीसपंचवीस वेळा नुसती हवा. मग सेन्सर पुसायची पाकिटातली पट्टी, तिच्या टोकाला दोन थेंब, आणि डावीकडून उजवीकडे एक हात. उचलायचा नाही, मागे आणायचा नाही, दुसरी पट्टी घेतल्याशिवाय परत टेकवायचा नाही.

तिचा हात हलला नाही. स्वतःचं तिलाच नवल वाटलं.

लेन्स लावली. आकडा आला, दोन पॉइंट आठ. काकूंनी टाळी वाजवायला हात उचलले आणि काकांकडे बघून खाली घेतले. मग छिद्र अगदी बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला. सगळे ठिपके गेलेले, एक सोडून. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक धुरकट डाग.

"अजून एक पट्टी द्या," श्वेता म्हणाली.

पट्टी काकांकडे एकच उरली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, पुढे सरकवली नाही. डाग चिकट आहे, ते म्हणाले, जोर लावलास तर निघेल, किंवा काच जाईल. काच गेली तर रविवार पण गेला. छिद्र मोठं ठेवून काढलेस, दोन पॉइंट आठवर, तर तो दिसणारही नाही. बारीक छिद्रालाच दिसतो. कॅमेरा तुझा. ठरव.

तिचा हात पट्टीकडे गेला होता. डाग म्हणजे तिच्या डोळ्यात काटा. घरातल्या भिंतीवरचा वाकडा खिळासुद्धा तिला झोपू देत नाही. पण हात तिथेच थांबला. साखरपुड्यात कोपरा कोण बघणार? आंगठी बघणार, नवरीचं तोंड बघणार. तिने हात मागे घेतला आणि लेन्स बॅगेत भरली. परत देणार नाही म्हणाली. काकांनी शेवटची पट्टी पण बॅगेत टाकली, सोमवारनंतर काय करायचं ते कर म्हणून.

घरी येईपर्यंत वाक्यांची दुसरी खेप तयार झाली होती, आजोसाठी. दार उघडलं तर आजो समोरच बसलेला. फोनवरचा सकाळचा तमाशा त्याने ऐकला होता, आणि तेव्हापासून तो तिथेच होता.

"चालू झाला?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. ओरडून नाही, पण गुळगुळीत करूनही नाही. यंत्र तुझ्या कुंकवाने बंद पडलं. मी भलत्या माणसाला चोर म्हटलं. आत काच उघडी असते.

आजोने कॅमेऱ्याकडे वाकून बघितलं. मग म्हणाला, "माका सांगूक होया होता, आत उघडा आसा म्हणान."

हे खरं होतं. तिने घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं, फक्त हात लावू नका म्हणून दम दिला होता.

"फोन लाव तेंका," आजो म्हणाला.

कशाला, ती म्हणाली, मी सॉरी बोललेय. आजोने हात पुढे केलेलाच ठेवला. गिरणीत ज्याच्या हातून साचा बंद पडला, तोच फिटरसमोर जाऊन उभा राहायचा. दुसऱ्याला पाठवायचं नसतं. तिने फोन लावून दिला.

"मी श्वेताचो आजो बोलतंय," तो म्हणाला. "कुंकू मी लावलंय. चूक माझी आसा, आमच्या चेडवाक बोलू नकात."

पलीकडून काका बहुतेक समजावत होते, कारण आजो मग नुसता हां, हां करत राहिला. मधे त्याने दाणे पुसायला राकेल चालेल का विचारलं आणि उत्तर ऐकून मान हलवली. पंधरा मिनिटं दोघं बोलले. फोन ठेवताना आजोला काचेचं, दाण्यांचं आणि स्पिरिटचं सगळं पाठ झालं होतं, श्वेतापेक्षा नीट.

रविवारी कॅमेरा एकदाही अडला नाही. आंगठी, पेढा, नवरीचं हसू, सगळं दोन पॉइंट आठवर. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो हवा झाला, चार रांगा, सगळ्या स्पष्ट यायला मग छिद्र बारीक करणं आलंच. डाग बरोबर शेवटच्या रांगेतल्या नवरीच्या मामांच्या टकलावर बसला. श्वेताने तिथेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघितला, मामांना म्हणाली, "मामा, जरा दोन पावलं उजवीकडे या ना," आणि डाग मागच्या पडद्याच्या चुणीत घालवून परत बटण दाबलं.