राष्ट्राध्यक्षांच्या प्रकृतीसाठी

आधीच सांगून टाकते, मी त्या माणसाला मत दिलं नव्हतं. तो दोनदा उभा राहिला आणि दोन्हीदा मी दुसऱ्याच्या नावापुढे खूण केली. त्याच्या राज्यात साखर दिसेनाशी झाली, मिनीबसवाले डिझेलच्या रांगेत मुक्कामाला राहू लागले, आणि माझ्या भावाच्या डोळ्यात पोलिसांचा अश्रुधूर गेला, तो डोळा अजून गळतोय. तेव्हा मला त्याचा फार पुळका होता असं कोणी समजू नये.

पण तो मेला होता, आणि ते मला माहीत होतं.

माझी लेक तडाला मोठ्या सरकारी इस्पितळात नर्स आहे. गुरुवारी दुपारी त्याला आणलं तेव्हा ती त्याच वॉर्डात होती. आणला तेव्हाच संपलेला होता, म्हणाली. डॉक्टरांनी छाती दाबून दाबून घाम गाळला, मग तोंडावर चादर ओढली. मग सुटाबुटातली माणसं आली आणि त्यांनी ती चादर पुन्हा खाली केली. संध्याकाळी रेडिओ सांगतोय, राष्ट्राध्यक्षांच्या प्रकृतीत सुधारणा आहे, पुढच्या उपचारांसाठी परदेशी नेणार. उपाध्यक्षाशी त्याचं दोन वर्षं वाकडं होतं. आता खुर्चीत कोणी बसायचं हे ठरेपर्यंत बिचाऱ्याला मरायचीही परवानगी नव्हती.

शनिवारी मी मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळत होते आणि तडाला चुलीपाशी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती.

"आई, त्याच्याजवळ कोणी नाही गं. थंड खोलीत ठेवलाय. दाराशी दोन बंदूकवाले. एक बाई बसलेली नाही."

आमच्यात मेलेल्याला एकटं ठेवत नाहीत. चोर असो, दारुडा असो, बायका येतात, चपला काढतात आणि भुईवर बसतात. पुरुष खुर्चीवर बसतील, बाकावर बसतील. मयताला बाई भुईवरच. माझ्या लेकीला ते खात होतं. मला दुसरंच खात होतं.

"तू हे कोणाला बोललीस?"

"तुला."

"आणखी?"

"कोणालाच नाही. काल आमच्या वॉर्डातल्या दोघी नर्सना चौकशीला नेलं. बाहेर बातमी कोणी फोडली म्हणून. लोनेस अजून परत आली नाही, आई."

न्सिमा खाली लागली, वास सुटला, तरी हात हलेना.

आता दुसरं संकट ऐका. आमच्या ख्रिस्ती देवळात दर रविवारी दुसऱ्या गीतानंतर मंडळीच्या पंचांपैकी, आम्ही त्यांना वडील म्हणतो, कोणी एक देशासाठी प्रार्थना करतो. त्यात राष्ट्राध्यक्षाचं नाव घ्यायचं, त्याला आयुष्य आणि आरोग्य मागायचं. ही रीत माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. मंडळीनं मलाही वडील म्हणून निवडलेलं, आणि तीन महिन्यांपूर्वी भिंतीवर लावलेल्या यादीत या रविवारी नाव कोणाचं? माझं. एनेलेसी कालिवो.

रविवारी सकाळी मी पाळकांच्या दारात गेले. "पाळकसाहेब, मला ताप आहे. दुसऱ्या कोणाला उभं करा."

पाळक म्तेंजे दमलेले दिसत होते. "माई, मी चौघांना विचारलं. एकाची दाढ दुखते, एकाची शेळी व्यायलीय, दोघे गावालाच निघून गेले. ताप आज सगळ्यांनाच आहे."

देवळाच्या पायरीवर चेअरमन काचिंग्वे उभे. आमच्या वस्तीतले, राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे चेअरमन, सुटाला इस्त्री, खिशात वही. "माई, आज जरा मोठ्यानं होऊ दे हं. साहेबांच्या प्रकृतीसाठी. मी बंगल्यावर फोन लावला होता, काल सूप प्यायले म्हणे."

"कसलं सूप?" मेलं हे माझं तोंड!

"कोंबडीचं," ते म्हणाले. पापणीसुद्धा हलली नाही.

माणसाशी खोटं बोलणं मला नवं नाही. मी बाजारात गोड भजी विकते. कालची आहेत हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलंय? पण डोळे मिटून, देवासमोर उभं राहून, ज्याचं मढं झालंय त्याला बरं कर म्हणायचं? आणि मढं झालंय हे देवाला माझ्याआधी ठाऊक. लाज वाटली मला. तडालाला तसं म्हटलंही. तिनं माझा हात धरला. "आई, म्हणून टाक. मी पाया पडते. तू अडखळलीस तरी ते विचारतील, हिला कोणी सांगितलं? आणि मग थेट माझ्याकडे येतील."

लेकीपुढे काय चालतं? म्हणून टाकेन म्हटलं.

दुसरं गीत संपलं. मी पुढे जाऊन मंडळीकडे तोंड करून उभी राहिले. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. मी मात्र मिटले नाहीत. डोळे मिटून ते खोटं माझ्याच्यानं बोलवलं नसतं. आधी मक्याच्या पिकासाठी मागितलं, मग तापाच्या पोरांसाठी, मग विधवांसाठी. लांबवता येईल तितकं लांबवलं. काचिंग्वे मागच्या बाकावरून खाकरले.

"प्रभो," मी म्हटलं, "आमच्या राष्ट्राध्यक्षांना आराम दे. त्यांच्या अंगात ताकद घाल. त्यांना अंथरुणातून उठव..."

पाचव्या बाकावर माझी लेक बसली होती. तिनं एक चप्पल काढली. मग दुसरी. आणि बाकावरून सरकून ती खाली भुईवर बसली, पाय दुमडून, मयताला बसतात तशी.

अगं बये, हे काय केलंस! मला गळ घालणारी तूच ना? पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं, तिनं काही ठरवून केलं नव्हतं. तीन दिवस गिळलेलं तिला आता गिळवेना. बाक करकरला, तशी शेजारच्या एनिफानं एक डोळा उघडला. तिनं तडालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आमेन म्हटलं की सगळेच डोळे उघडतील, आणि भुईवर माझी लेक एकटी.

मी आमेन म्हटलंच नाही. होते तिथेच चपला काढल्या आणि खाली बसले. गुडघे मोडल्याचा आवाज मागपर्यंत गेला असेल. पाठोपाठ एनिफा बसली. मग कापडांची सळसळ झाली, एक बाक, दोन बाक, आणि देवळातल्या सगळ्या बायका भुईवर. कोणी रडलं नाही, कोणी गायलं नाही.

काचिंग्वे उठले. "हा काय प्रकार आहे? कोण मेलंय?"

पाळक आपल्या हातांकडे बघत राहिले.

"पहिली कोण बसली? मी विचारतोय, पहिली कोण?"

"प्रार्थनेत डोळे कोण उघडे ठेवतं, चेअरमनसाहेब?" एनिफा म्हणाली. "आम्ही तर मिटले होते."

मागे कोणीतरी हसू खोकल्यात लपवलं. त्यांनी वही काढली आणि माझ्याकडे वळले. "माई, तुम्ही समोर होतात. तुम्ही पाहिलंय."

"मी बसले पहिली," मी म्हटलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय सांगायचं? गुडघे दुखले, बसले."

"आणि चपला?"

"चावत होत्या."

तडालानं तोंड उघडलं. ती लहान असताना पाहुण्यांसमोर बघायची तशी मी तिच्याकडे बघितलं, आणि ते मिटलं. काचिंग्वेंनी माझं नाव लिहिलं, सावकाश, मोठ्यानं म्हणत. देवाशी खोटं बोलायचं म्हणून सकाळपासून माझ्या घशाखाली पाणी उतरलं नव्हतं, आणि हे खोटं बोलताना जीभसुद्धा अडखळली नाही.

उपासना कशीबशी आटोपली. दारात हात मिळवताना काचिंग्वे खाली वाकले. "माई, माझे डोळे प्रार्थनेत कधीच मिटत नाहीत," ते हळूच म्हणाले. "लेक दोनच्या पाळीला आहे ना? तिला म्हणावं, आज जाऊ नको." आणि पुढच्या माणसाचा हात धरून त्याच्या बायकोची चौकशी करू लागले.

आता याचा अर्थ काय लावायचा? दया आली म्हणून सांगितलं, की सापळा लावला? गैरहजर राहिली तर म्हणतील, पळाली, हीच ती. गेली तर दारातूनच उचलतील. आम्ही दोघी रस्त्यावर उन्हात उभ्या, आणि माझा देवावर असा संताप झाला म्हणून सांगू! लेकीसाठी तुझ्याशी खोटंसुद्धा बोलायला तयार झाले होते, तेवढंही तू होऊ दिलं नाहीस?

"मी जाते, आई," तडाला म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "नाही गेले तर लोनेसला सोडणार नाहीत, आणि मलाही शोधत येतील. शिवाय..."

"शिवाय काय?"

"पाळी बदलताना कधी कधी त्या थंड खोलीच्या दाराशी एकच बंदूकवाला असतो. तो आमच्याच मंडळीतला आहे. विचारून बघते, आत घटकाभर बसू देतो का."

मिनीबस आली. पोऱ्या इस्पितळ, इस्पितळ म्हणून ओरडत होता. तडालानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पाऊल उचललं. मी तिला बाजूला सारलं आणि तिच्या आधी चढले.

"तू कुठे निघालीस?"

"पहिली मी बसलेय. वहीत लिहिलंय तसं. विचारायचं असेल त्यांनी मला विचारावं."

"आई, उतर."

"गप बस. सरक आत."

ती आत सरकली. दाराकडची जागा मी घेतली.