कोनाड्यातला बिल्ला

खोलीत शिरण्याआधी सोनीबाई अंगावरचं चांगलं ते काढून ठेवायची. हातातलं चांदीचं कडं, लेकाने घेऊन दिलेलं घड्याळ. दाराबाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात धुतलेलं फडकं अंथरून ती त्यावर या वस्तू ठेवायची, कोपऱ्यात चपला सोडायची आणि मगच आत जायची. तिच्या गावच्या बायाही धानाच्या रोवण्याला बांधीतल्या चिखलात उतरताना कडी-तोडे काठच्या धुऱ्यावर काढून ठेवतात. घाणीच्या कामात चांगली वस्तू न्यायची नाही, ही आईची शिकवण. दवाखान्यातल्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर खुर्शीदाबाई हे कित्येक वर्षं रोज पाहत आल्या होत्या. रोज पाहिलेलं पुढे दिसेनासं होतं, तसं त्यांचं झालं.

ही खोली म्हणजे ऑपरेशन थिएटरला चिकटलेली लहानशी मोरी. मूल गावाच्या पुढच्या या सरकारी दवाखान्यात हिवाळाभर कुटुंब नियोजनाची शिबिरं चालतात. नदीपलीकडून, जंगलातल्या गावांतून बाया येतात. एकीचं ऑपरेशन झालं की पोटात घातलेली दुर्बीण रक्तासकट या मोरीत येते. सोनीबाई ती धुऊन औषधाच्या ट्रेमध्ये बुडवते, वेळ झाली की काढून पुन्हा धुऊन देते.

त्या औषधाचं नाव ग्लुटाराल्डिहाइड. नाव जिभेला झेपत नाही म्हणून सगळे त्याला 'ट्रेचं पाणी' म्हणतात. पण ते पाणी नव्हे. ते जंतू मारतं, आणि जंतू कोण नि माणूस कोण हे त्याला कळत नाही. त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, नुसती चुरचुरते. घसा धरतो. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजू लागते. सोनीबाईची वाजत होती. दोन पायऱ्या चढली की ती भिंतीला टेकायची.

मोरीला खिडकी होती, पण माकडांपायी तिला प्लायवूड ठोकलेलं. खुर्शीदाबाईंनी एकदा ते काढायला लावलं, तर दुसऱ्याच दिवशी एक माकड हातमोज्यांचा डबा घेऊन पळालं आणि कडुनिंबावर बसून एकेक मोजा ताणून पाहत राहिलं. सारा दवाखाना हसला. संध्याकाळी प्लायवूड परत ठोकलं गेलं.

राहिला पंखा. भिंत फोडून हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा म्हणून खुर्शीदाबाई अधीक्षकांच्या मागे लागल्या होत्या. ते वाईट नव्हते, दमलेले होते.

"सिस्टर, मी वर लिहितो. वरचे म्हणतात, बाई तंबाखूचा खर्रा खाते, तिले दमा आहे. हवेत औषध किती ते मोजून दाखवा, मग भिंत फोडू."

मोजणारा माणूस मिळवायलाच दोन हिवाळे गेले. शेवटी नागपूरहून प्रवीण भोयर नावाचा तरुण आला. त्याने डबीतून रुपयापेक्षा थोडा मोठा, पांढरा बिल्ला काढून सोनीबाईच्या पदराला लावला.

"मावशी, हा दिवसभर हवेतलं औषध धरून ठेवते. मंग आमी लॅबमध्ये मोजतो. फक्त भिजवू नका अन् घाण लागू देऊ नका. लय महाग आहे."

एवढं सांगून तो पुढच्या दवाखान्यात गेला. संध्याकाळी बिल्ला न्यायला येणार होता.

व्हरांड्यात कय्यूम शिपायाने तिला गाठलं. "काय सोनीबाई, निवडनुकीले उभी राह्यली का? निशाणी कोनती?"

"बादली! तुह्या डोक्यावर उपडी करतो, थांब."

त्या दिवशी शिबिरात इतकी गर्दी होती की बाया जमिनीवर गाद्या टाकून झोपवल्या होत्या. खुर्शीदाबाई टेबलापासून हलल्या नाहीत. मोरीतून खोकला येत होता आणि त्यांना, वाईट वाटूनही, एक आशा वाटत होती. आज हा खोकला कुठेतरी मोजला जात होता.

निकाल आला तेव्हा अधीक्षकांनीच त्यांना बोलावलं. "औषध जवळपास नाहीच म्हणतात. हवा चांगली आहे."

"सर, असं कसं होईल? दारात उभं राह्यलं तरी डोळे जळतात."

"आता मशीनपुढं मी काय बोलू?"

त्या तडक मोरीकडे गेल्या. सोनीबाई दाराशी चपला काढत होती.

"सोनीबाई, त्या दिवशी बिल्ला कुठी होता?"

"पदरालेच होता ना बाई."

"आत असतानी?"

"आत काऊन नेऊ?" सोनीबाईला प्रश्नच चमत्कारिक वाटला. तिने कोनाड्याकडे बोट दाखवलं. "इथी ठेवत होती, कड्याजवळ. बाहेर आली का लावत होती. साहेबानं सांगतलं होतं ना, घाण लागू देऊ नका म्हणून. एक थेंब लागू देल्ला नाई मी. पास झाला ना?"

खुर्शीदाबाईंनी बोटाच्या दिशेने पाहिलं. कोनाड्यात फडकं होतं, फडक्यावर कडं.

"झाला," त्या म्हणाल्या.

त्यांनी प्रवीणला फोन केला. तो बिचारा गडबडला. पुन्हा मोजायचं तर वरून नवी मंजुरी हवी, आणि निकाल चांगला आलेल्या दवाखान्याला दुसऱ्यांदा कोण मंजुरी देणार? अधीक्षकांनी सगळं ऐकून दार लोटून घेतलं.

"खरं लिहून देतो मी. पण ती ठेकेदाराची माणूस. मंग तो पह्यले काय करन? मोजणी बिघडवली म्हणून तिलेच काढन. तुमाले चालते?"

त्यांनी लिहून द्यायला सांगितलं नाही. लेकाचं काम सुटल्यापासून घरात कमावणारी सोनीबाई एकटीच होती. त्यांनी तिलाही काही सांगितलं नाही. सांगून तिच्या छातीतली वाफ बाहेर येणार नव्हती, वर आपल्याच हाताने घात झाला हे दुःख मात्र आत जाणार होतं.

पुढच्या शिबिराला खुर्शीदाबाई पदर खोचून मोरीत शिरल्या. "आज मी धुते."

"हट बाई! तिकडं बाई टेबलावर हाय. तुमी इथी, मंग डॉक्टरले सामान कोन देईन?" सोनीबाईने त्यांना कोपराने बाहेर काढलं. खरंच, टेबलावरून हाका सुरू झाल्या होत्या.

दुपारी मोरीतला खोकला थांबला. तो थांबल्याचीच भीती वाटून खुर्शीदाबाई धावल्या. सोनीबाई दाराबाहेर कोनाड्याखाली बसली होती, ओठ निळसर. कय्यूम ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत आला. मास्क लावला. बऱ्याच वेळाने तिने हात कोनाड्याकडे उचलला, पण तो अर्ध्यातच खाली आला.

खुर्शीदाबाईंनी कडं काढलं आणि तिच्या हातात घालू लागल्या. मनगट इतकं वाळलं होतं की ते सैल फिरलं.

सोनीबाईने मास्क बाजूला केला.

"बिल्ला तं पास झाल्ता ना बाई," ती म्हणाली. "मंग मले काऊन असं होऊन राह्यलं?"

खुर्शीदाबाईंनी मास्क पुन्हा तिच्या तोंडावर नीट बसवला. आतून पुढच्या बाईसाठी दुर्बीण मागत होते.