धडे काढा

मुलांना ऑनलाइन शिकवायची जुनी व्यवस्था बंद करून विद्यापीठाने नवी घेतली, तेव्हा ते सगळं काम संगणक विभागाच्या प्रमुखबाईंच्या गळ्यात पडलं. त्यांना सगळे ताईच म्हणत. काम घर बदलण्यासारखंच होतं, म्हणून विभागात जुन्या व्यवस्थेला जुनं घर आणि नव्या व्यवस्थेला नवं घर अशी नावंच पडून गेली.

घर बदलताना हलकं सामान कोणीही उचलतं, पेटारा उचलायची वेळ आली की माणसं एकमेकांकडे बघतात. इथंही तसंच होतं. लिहिलेले धडे विभागच नव्या घरात नेणार होता. पण ज्यांनी आपल्या आवाजात धडे रेकॉर्ड केले होते त्यांच्या फाइली फार जड होत्या. त्या ज्याच्या त्याने उतरवून घ्यायच्या आणि विभागात आणून द्यायच्या, असं ठरलं.

ताईंनी सगळ्या प्राध्यापकांना मोबाइलवर संदेश पाठवला. संदेश मराठीत हवा हा विद्यापीठाचा नियम, आणि आखूड हवा ही मोबाइलची अट. कापता कापता शेवटी एवढंच उरलं: ‘जुन्या घरातले आपले धडे शुक्रवारपर्यंत काढा.’

शुक्रवारी दुपारी दगडांचे सर आले. ते भूशास्त्र शिकवत, म्हणून हे नाव. गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यात आवाज कायमचा गेला. तरी त्यांनी शिकवणं सोडलं नव्हतं. मुलं त्यांचे जुने रेकॉर्ड केलेले धडे ऐकत, शंका विचारत, आणि सर गळ्यात अडकवलेल्या छोट्या पाटीवर उत्तर लिहीत. धडे होते म्हणून सरांची नोकरी होती, आणि नोकरीपेक्षाही सरांचा जीव त्यात होता. बाहेर बोलायचं काम त्यांच्या बायकोकडे असे. त्या काकू बरोबर होत्याच.

“झालं गं बाई यांचं काम,” काकू खुर्चीत टेकत म्हणाल्या. “तू सांगितलंस तसे सगळे काढले. एक ठेवला नाही.”

“बरं झालं. पेन ड्राइव्ह आणलाय ना?”

“तो कशाला?”

“काढलेले धडे कशात ठेवलेत, काकू?”

“ठेवायचे कशाला? नव्या घरात तुम्ही नेलेच असतील की. काढले म्हणजे काढले. अगं, भाड्याचं घर सोडताना भिंतीतले खिळेसुद्धा उपटणारा माणूस आहे हा. पार झाडून घर रिकामं केलंय.”

ताईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी शांतपणे पाटीवर लिहिलं: ‘काढा म्हणजे डिलीट ना?’

“नाही सर. काढून घ्या, असं म्हणायचं होतं मला. घरी दुसरी प्रत असेलच?”

“घरचा संगणक यांच्या आजारपणात बंद पडला,” काकूंचा आवाज उतरला. “विद्यापीठाकडे आहेत की सगळे, म्हणून भंगारात घातला.”

मग काकू सरांकडे वळल्या. “फोटो काढा म्हटलं की फोटो येतो. वही काढा म्हटलं की पोरं वही उघडतात. तुमच्याच डोक्यात कसं हो काढून टाका आलं?”

सरांनी लिहिलं: ‘डॉक्टरने माझा दात काढला, तो कुठं परत दिला?’

“दात आणि धडे एकच का?”

‘नाही,’ सरांनी लिहिलं. ते पुसून आणखी लिहिलं: ‘दगडाखाली हात सापडला. विषय माझाच.’

ते हसले, पण नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. सोमवारपासून नवं सत्र होतं.

ताईंनी जुन्या घराच्या कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की बंद करायच्या तयारीत कचरापेटीही रोज साफ होते, गेलं ते गेलं. फोन ठेवताना ताईंना आठवलं की नवं घर किती वजन पेलतं ते पाहायला आधी एक चाचणी केली होती, आणि त्यासाठी सगळ्यांत जड म्हणून सरांचेच धडे घेतले होते. पण चाचणी संपल्यावर ते काढा असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. सांगितलं होतं गोगलगायला. हा विभागातला जुना तंत्रज्ञ. सावकाश करी, पण सांगितलेलं काम कधी सोडत नसे. आज तीच भीती होती. तरी त्यांनी त्याला बोलावलं.

“भाऊ, चाचणीचे धडे काढायला सांगितले होते मी.”

“काढले की.”

ताईंनी डोळे मिटले. “सगळे?”

“सगळे. पुरा आठवडा गेला. तुम्ही तर रागावलात पण, एवढा वेळ कशाला म्हणून.”

“आठवडा? एक बटण दाबायचं काम ते.”

“बटणाने कसं होईल ताई? एकेक धडा काढायचा, डिस्कवर भरायचा, उघडून बघायचा.”

ताईंनी डोळे उघडले. “कुठल्या डिस्कवर?”

“कपाटातल्या. आणू?”

तो आपल्या चालीने गेला. काकू दाराकडे बघत पुटपुटल्या, “याला कोणीतरी ढकला रे.” शेवटी तो फडक्यात गुंडाळलेली डिस्क घेऊन आला. “टाकायचे असते तर टाका म्हणाला असतात. काढा म्हणालात, म्हणून काढून ठेवले.”

ताईंना हसू फुटलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. आपलं म्हणणं याला बरोबर कळलं असतं, तर आज बुडालोच होतो. त्यांनी डिस्क जोडली आणि यादी पाहिली. ऑपरेशननंतर नवा धडा झालाच नव्हता, त्यामुळे एकही कमी नव्हता. त्यांनी मधलाच एक लावला.

“हा दगड घ्या,” सरांचा भरदार आवाज खोलीत घुमला. “हातोडीने हलकेच ठोका.” टण्ण. “हा घट्ट. आता हा.” ठप्प. “हा आतून कुजलाय. दिसायला दोघे भाऊ, पण बोलायला लागले की कळतं.” मागून काकूंचा आवाज आला, “अहो, किती बडवाल? शेजारी विचारतायत काय पाडताय म्हणून.”

गोगलगाय खो खो हसला. सरांचे खांदे आवाजाविना हलत होते. त्यांनी ताईंपुढे पाटी धरली: ‘सोमवारी वर्ग होईल?’

“होईल सर. आत्ताच चढवायला घेते. आणि संदेशही नवा पाठवते, लांबला तर लांबला.”

सर उठले, काकूंच्या खांद्याला हात लावून त्यांनी दाराकडे खूण केली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

“थांबा हो,” त्या म्हणाल्या. “वर्षभराने बोलताय, जरा ऐकू द्या. ताई, लाव गं पुढचा.”