बगीची पहिली फेरी

बगी आमच्याकडे आली तेव्हा तिला दोन रोग होते. सांगाडा गंजला होता, आणि इंजिन तापलं की ती बंद पडायची. पहिला रोग दादाचा, दुसरा माझा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो गाड्या रंगवतो, मी गाड्यांचं वायरिंग करते, आणि वडिलांनी मागे ठेवलेल्या एकाच शेडमध्ये मधोमध प्लास्टिकचा पडदा सोडून आम्ही इतकी वर्षं भांडत आलो आहोत. माझ्या बाजूची धूळ त्याच्या ओल्या रंगावर बसते, त्याच्या बाजूचा रंग माझ्या जोडण्यांवर बसतो. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण भांडायला हिला माहेरच लागतं, असं माझा नवरा म्हणतो. दादा मला फ्यूज म्हणतो. का, ते पुढे कळेलच.

ही बगी म्हणजे चार जाड चाकं, दोन खुर्च्या आणि भोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा. दगडधोंड्यांतून, चिखलातून उड्या मारत न्यायची गाडी. आमच्या शेडच्या मागे एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथे एकानं अशा बग्या फिरवायचा ट्रॅक काढला आहे, त्याचीच ही. ट्रॅकची वाट आमच्या मागच्या दारापासून सुरू होते आणि खाणीच्या कडेकडेनं उतरते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. गाडी तयार झाली की पहिली फेरी दादाची, आणि शेजारच्या सीटवर वहिनी. नवीन लग्न झालं तेव्हा दादानं स्वतः रंगवलेल्या एका जीपमधून तिला फिरवून आणलं होतं. त्या जीपची पुढे कधी एक तक्रार आली नाही, म्हणून तो शकुन ठरला. मी शकुन-अपशकुन मानत नाही. पण फेरी चुकली की मला करमत नाही, हेही खरं.

तर कॉइल. प्लगला ठिणगी पडते ती कॉइलच्या जोरावर. कॉइल जुनी झाली की थंड असताना नीट वागते आणि तापली की हात वर करते, आमच्या धाकट्या काकांसारखी. इंजिन तापवून पाहिलं, ठिणगी पिवळी, मरतुकडी. कंपनीची कॉइल मिळायला वेळ लागणार होता, म्हणून मी बाजारातून दुसऱ्याच बनावटीची आणली. जास्त जोराची, लाल रंगाची, आणि बसवायची पट्टी जुनीपेक्षा थोडी रुंद.

ती मी ज्याच्याकडून घेतली त्याला सगळे गॅरंटी म्हणतात, कारण तो कशाचीच देत नाही. “ताई, माल एक नंबर आहे, पण गॅरंटी नाही,” हे वाक्य तो पाण्याचा ग्लास पुढे करतानाही म्हणेल.

तोवर दादाचा रंग वाळला होता. पिवळाधमक. सांगाड्यावरून हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखा. मी तोंडावर कधी बोलत नाही, पण दादासारखा हात या भागात दुसऱ्याचा नाही.

इथे आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. या कॉइलला एकच वायर येते. परतीचा रस्ता तिला तिच्या पट्टीतून, बोल्टातून, सांगाड्याच्या लोखंडातून मिळतो. आम्ही त्याला अर्थिंग म्हणतो. मध्ये रंग आला की रस्ता बंद. म्हणून सांगाडा दादाकडे देण्याआधी मी अशा जागांवर कागदी टेपची गोल चकती लावते. दादा वरून रंग मारतो आणि रंग ओला असतानाच नखानं चकती उचलून टाकतो. खाली चकचकीत लोखंड उरतं. चकती मी लावायची, त्यानं काढायची. याबाबतीत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही, आणि आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे.

कॉइलची जागा सीटच्या मागे, खाली, अंधारात. तिथे डोकं जात नाही, फक्त हात जातो. मी चाचपून भोक शोधलं, पट्टी लावली, बोल्ट आवळला, वायर खोचली. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला आणि स्टार्टर दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. इंजिन गरगर फिरलं, प्लग कोरडा ठणठणीत. वायर पाहिली, फ्यूज पाहिला, प्लग बदलला. मग माझं डोकं फिरलं. कॉइल काढली आणि तशीच तणतणत गॅरंटीच्या दुकानात गेले.

“ही नकली कॉइल माझ्याच गळ्यात मारलीस?”

“ताई, गॅरंटी नाही असं मी आधीच...”

“गॅरंटी गेली खड्ड्यात. ठिणगी दाखव.”

त्यानं शांतपणे कॉइल आपल्या तपासणीच्या फळीवर अडकवली आणि बटण दाबलं. निळी, जाड ठिणगी, चटचट आवाज करत. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती माझ्याकडे बघायला लागली.

“आता ही ठिणगीपण नकली म्हणायची का?” गॅरंटी म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कॉइल उचलली आणि परत आले.

पडद्यापलीकडून दादानं विचारलं, “काय झालं गं फ्यूज? उडालीस का?”

“कॉइल लागत नाहीये.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” तो म्हणाला, आणि हसला. “आटप लवकर. संध्याकाळी ट्रॅकवाला बगी न्यायला येईल. त्याच्या आत फेरी मारायची आहे. तुझी वहिनी हेल्मेट पुसून बसली आहे.”

मी पुन्हा कॉइल बसवली. पुन्हा काही नाही. मग इतका वेळ जे सुचायला हवं होतं ते सुचलं. वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक इंजिनाच्या लोखंडाला धरलं, दुसरं कॉइलच्या पट्टीला, आणि स्टार्टर दाबला. ठिणगी पडली. निळी, जाड, दुकानातल्यासारखीच. म्हणजे कॉइल चांगली होती, वायर चांगली होती, परतीचा रस्ताच बंद होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी स्वतःला दोन शिव्या घातल्या.

सीटचे बोल्ट खोलून सीट बाहेर काढली, कॉइल सोडवली आणि टॉर्च घेऊन वाकले. कॉइलच्या जागी लोखंड नव्हतंच. पिवळा रंग होता, इतर जागांसारखाच गुळगुळीत, फक्त त्यात एक गोल कड उमटली होती. मी नख घातलं. रंगाचा पापुद्रा उचलला गेला, आणि त्याच्या पोटाला चिकटून आली माझीच कागदी चकती.

“दादा!” असं मी ओरडणार होते. चकती काढायला विसरलास, माझा अर्धा दिवस घालवलास, वर मलाच अंगण वाकडं म्हणतोस, हे सगळं जिभेवर तयार होतं. तोंड उघडलंही होतं.

पण दादा विसरत नाही. स्वतःचा वाढदिवस विसरेल, चकती नाही. मी दुसरी चकती शोधली. ती पुढे, बॅटरीपाशी, दाराच्या उजेडात. ती काढलेली होती. तिथे लोखंड चकचकीत होतं, पण भोवती नखाचे ओरखडे होते. एक नाही, कितीतरी. जणू कुणीतरी चाचपडत, अंदाजानं खरवडत तिथपर्यंत पोहोचलं होतं. मग मी टॉर्च घेऊन सगळ्या पिंजऱ्याभोवती फिरले. वरच्या नळ्या आरशासारख्या. खाली, आतल्या बाजूला, जिथे सावली पडते तिथे रंगाचे ओघळ सुकले होते. दादाच्या रंगाला ओघळ! मी पाहिला नव्हता कधी. एका नळीचा वीतभर भाग तर नुसता राखाडी अस्तराचाच होता, तिथे रंगाची गन फिरलीच नव्हती.

त्याच्या हाताला सगळं पाठ होतं, म्हणून उरलेलं इतकं सुरेख झालं होतं. जिथे डोळे लागतात तिथे ते नव्हते.

मी खाली बसले. राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही. दादाला दिसत नाही. थोडं कमी दिसतं असं नाही, वीतभर अंतरावरची टेप दिसत नाही. आणि हा माणूस आता खाणीच्या कडेनं बगी चालवणार होता, शेजारी वहिनीला बसवून.

त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. चकती परत चिकटवून, कॉइल बंद आहे, गॅरंटीनं फसवलं, असं सांगून संध्याकाळ काढायला हवी होती. पण डोकं एकीकडे आणि हात एकीकडे. बिघाड सापडला की हात थांबत नाहीत, ती सवयच झाली आहे. पॉलिश पेपरनं जागा घासली, लोखंड उघडं केलं, पट्टी बसवली, बोल्ट आवळला, सीट लावली, प्लग घातला, आणि विचार पुरा व्हायच्या आत स्टार्टर दाबला. बगी एका झटक्यात सुरू झाली. इतका गोड आवाज होता की मला रडू आलं.

आवाज ऐकून पडदा सरकला. दादा हात पुसत आला. मागून वहिनी, डोक्यावर हेल्मेट, त्यात अंबाडा बसत नाही म्हणून वेणी घातलेली.

“बघ, झाली की नाही!” दादा म्हणाला. “चल, सरक. फेरी आमची.”

“दादा, आज राहू दे.”

“का?”

“ब्रेक बघायचे आहेत अजून.”

“ब्रेक मी सकाळीच बघितले. तुझं काम कॉइलचं. ते झालं.”

त्यानं पिंजऱ्याची नळी धरली, पाय चाचपून आत टाकला आणि बसला. आजवर मी हे शंभरदा पाहिलं असेन, पण तो पाय आधी हवेत थांबतो आणि मग जागा शोधतो, हे आज पहिल्यांदा दिसलं. वहिनी पलीकडून चढली आणि पट्टा लावायला लागली. तिचे गुडघे दुखतात. मधली कितीतरी वर्षं तिनं या फेऱ्या बंदच केल्या होत्या. अलीकडेच पुन्हा सुरू केल्या होत्या, आणि नुसत्या फेऱ्याच नाही, दादा भाजी आणायला निघाला तरी ही गाडीत शेजारी हजर. म्हातारपणी प्रेमाला बहर आलाय म्हणून आम्ही सगळ्यांनी तिला चिडवून चिडवून हैराण केलं होतं. तीही लाजायची.

दादानं इंजिनाचा आवाज वाढवला. मी बगीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

“वहिनी, तू उतर.”

“अगं, काय झालं?”

“काही झालं नाही. तू उतर आधी. माझं ऐक. दादाशी मी नंतर बोलते, तू आधी खाली उतर!” माझा आवाज चढला होता. मला एवढंच कळत होतं की दोघांतलं एक तरी त्या वाटेवर जाता कामा नये, आणि दादा काही माझं ऐकणार नाही.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. पट्ट्यावरचा हात तसाच होता. “कसं बोलतेस गं,” ती म्हणाली. “मी उतरले तर यांना वळण कुठे आहे ते कोण सांगणार?”

बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. हेल्मेटवर हाताचा टक् असा आवाज झाला.

दादा समोर बघत होता. समोर मी उभी होते, पण तो माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत होता. कधीपासून असा बघत असेल, आणि मी पडद्याच्या अलीकडे बसून वायरी जोडत असेन. मला दादाचा राग आला, वहिनीचा आला, सगळ्यांत जास्त माझा आला. ठिणगी नाही हे मला अंधारात हात घालून कळतं, आणि सख्ख्या भावाला दिसत नाही हे भर उजेडात कळलं नव्हतं.

दादानं इंजिन बंद केलं.

तापलेलं लोखंड थंड होताना करतं तसा बारीक आवाज तेवढा येत होता.

“कॉइल चांगली आहे,” दादा म्हणाला. “एका झटक्यात घेते.”

वहिनी पट्टा सोडायला लागली. मी बगीला वळसा घालून दादाच्या बाजूला गेले आणि हात पुढे केला.

“दे इकडे,” मी म्हटलं.

त्यानं किल्ली काढली. भांडला नाही, चिडवलं नाही, फ्यूज म्हणाला नाही. माझ्या आवाजाच्या दिशेनं किल्ली पुढे धरली, आणि ती माझ्या तळव्यापासून वीतभर लांब, हवेत थांबली. मी हात तिच्याखाली नेला.