गुळाच्या काहिलीचं तळं

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. आधीच सांगून ठेवते, मला कढई म्हणायचं नाही. कढईत भजी तळतात. माझ्यात उसाचा रस उकळायचा, तोही पिंपंच्या पिंपं, आणि त्याचा गूळ व्हायचा. मला हलवायचं तर पाच-सहा धट्टेकट्टे गडी लागतात. माझा तोरा जरा जास्त आहे, पण तो कष्टाचा आहे.

हातकणंगल्याजवळच्या एका वर्कशॉपात लोखंडी पत्रे ठोकून मला घडवलं. तिथून मी कोडोलीला जोतीरामआबांच्या गुऱ्हाळावर आले. आबा स्वतः गुळवे, म्हणजे रस कधी उतरवायचा हे ठरवणारा मुख्य माणूस. खाली जमिनीत खणलेल्या चुलवणात चिपाडांचा जाळ आणि वर मी. रस तापला की वर घाण जमायची, तिला मळी म्हणतात. आबा लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत राहायचे. मळी राहिली की गूळ नासला, असं त्यांचं म्हणणं. पाहुणे गरम काकवी चाटत म्हणायचे, "आबा, काहील झकास तापती तुमची!" असं कुणी म्हटलं की मी खुशीत यायचे.

पुढं आबांचे गुडघे बोलायला लागले, गडी मिळेनात आणि गुऱ्हाळ बंद पडलं. मला शेडमागं भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्या आडोशाला कोंबड्या अंडी घालायच्या. ज्या पोटात गूळ शिजला त्याच्या सावलीला कोंबड्या! मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

आबांचा मुलगा विजयसिंह यानं कोल्हापूरजवळ कळंब्याला घर बांधलं आणि आबांना तिकडं नेलं. आबांनी कपड्यांची पिशवी घेतली आणि गल्लीतली पोरं बोलावून टेम्पोत मला चढवलं. विजयसिंहानं कपाळाला हात लावला. नव्या घरात आबांना काही कामच नव्हतं. चहा पाहिजे का म्हणून विचारलं जायचं, आराम करा म्हणून सांगितलं जायचं. ते दिवसभर खुर्चीवर बसायचे आणि मी कंपाउंडला टेकून उभी राहायचे. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत असू.

एक दिवस सूनबाई प्रियदर्शनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबा, मागच्या अंगणात मला ट्रॉपिकल कोपरा करायचाय."

"म्हंजे काय?"

"केरळात असतो तसा. मोठ्या पानांची झाडं, दाट सावली आणि मधोमध पाणी."

"मग गगनबावड्याच्या रानात जाऊन बस की. तिथं काय कमी हाय?"

ती हसली. "पाण्यासाठी मला तुमची काहील द्या."

आबांनी माझ्या काठावरून हात फिरवला. मग म्हणाले, "भंगारापरास बरं. घे."

विजयसिंहाला मात्र हे पटलं नाही. साचलेलं पाणी म्हणजे डास आणि डास म्हणजे डेंग्यू, असा त्याचा हिशेब. तो म्हणाला, "पाण्यात डासाची एक जरी अळी दिसली तरी काहील भंगारात."

"मग मी बी चाललो कोडोलीला," आबा म्हणाले. "दार लावून एकटा राहीन. काहिलीची जी गत ती माझी."

आबा बोलले म्हणजे बोलले. झाली ना पंचाईत! त्या दिवसापासून माझ्या पाण्यावर आबांचं या घरात राहणं ठरणार होतं.

प्रियदर्शनी कामाला लागली. मला घासून तिनं झकास काळा रंग दिला आणि माणसं लावून विटांवर बसवलं. मागं केळी लावल्या, त्यांच्यापुढं कर्दळ आणि हेलिकोनिया, पायाशी अळू आणि नेचे. सगळी रोपं अजून वीतभर, सावली कुठली पडणार? पण तिला धीर होता. अळ्या खायला तिनं पाण्यात गप्पी मासे सोडले आणि माशांना सावली म्हणून कोबीच्या गड्ड्यासारखी तरंगणारी पाणरोपं. ती भराभर वाढली आणि मी हिरवीगार झाले. माझ्या पोटात मासे फिरायचे तेव्हा गुदगुल्या व्हायच्या. रसानं कधी अशी मजा आणली नव्हती.

एप्रिल उजाडला. एका सकाळी प्रियदर्शनी शाळेत शिकवायला गेली, विजयसिंह कामावर गेला. आबा माझ्याजवळ आले, वाकून बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. स्वयंपाकघरातून त्यांनी पुऱ्या तळायचा झारा आणला, काठीला बांधला, आणि हात आपोआप चालू झाला. कडेनं सुरुवात करून मध्यापर्यंत, अगदी गुऱ्हाळावर करायचे तसं. सगळी पाणरोपं काढून त्यांनी केळीच्या आळ्यात टाकली. घाम पुसताना त्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू होतं. त्यांना थांबवायला मला तोंड कुठं आहे?

दुपारी ऊन माझ्यावर नेमकं आलं. तापायचं कसं हे मला शिकवावं लागत नाही. त्यात अंगाला काळा रंग. जन्मभर तापले म्हणून शाबासकी मिळाली, आणि त्या दिवशी तापताना माझाच जीव कासावीस झाला. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. दोन-तीन उलटे झाले.

प्रियदर्शनी आली आणि तिथंच थबकली. "आबा, वरची रोपं कुठं गेली?"

"रोपं कुठली? मळी काढली की. केवढी साठलीती, तुमचं ध्यानच न्हाय."

"ती मळी नव्हती आबा. माशांची सावली होती ती."

आबांनी पाण्यात बघितलं. "मासं मेलं म्हंजे अळ्या हुणार," ते हळूच म्हणाले.

पण गुळव्या माणूस, काहील जास्त तापली म्हणून हातपाय गाळत नाही. "पोती हाईत का घरात? भिजवून आण!" त्यांनी माझ्या अंगाभोवती ओली पोती गुंडाळली. तांब्या घेतला, पाणी उचललं आणि उंचावरून धार सोडली. काकवी निववतात तशी. पाण्यात वारं मिसळायला लागलं. सासरा एका बाजूनं, सून दुसऱ्या बाजूनं, दोघं धारा सोडत राहिले. आळ्यातली पाणरोपं धुऊन परत सोडली. ऊन कलेपर्यंत कुणी खाली बसलं नाही. सगळे मासे नाही वाचले, पण पुष्कळ वाचले.

रात्री जेवताना आबांनी विजयसिंहाला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "काहील विटांवर ठिवायची नसती. चुलवणात बसवतात तशी जमिनीत बसवायची. खाली जाळाच्या जागी गार माती."

रविवारी शेजारी गोळा झाले. खड्डा खणला, मासे बादलीत काढले. विजयसिंह पँट दुमडून चिखलात उतरला. तेवढ्यात गल्लीत भंगारवाला आला. मला उघड्यावर बघून त्यानं गाडी थांबवली आणि विचारलं, "द्यायची काय ही?"

सगळे विजयसिंहाकडं बघायला लागले. आबांनी मात्र मान खाली घातली. माझ्या तर लोखंडाचं पाणी झालं.

विजयसिंह म्हणाला, "न्हाय. पावणं, त्या अंगानं जरा हात लावा की."

भंगारवाल्यानं बाह्या सरसावल्या आणि मला उचलायला हात लावला. मित्रांनो, असा मान किती जणींना मिळतो सांगा.

आता केळी माझ्या डोक्यावरून गेल्यात. अळवाची पानं सुपाएवढी झालीत. मुळांना गारवा राहावा म्हणून आबांनी झाडांच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरलंय. अळी एकही नाही. पाणरोपं जास्त झाली की आबाच झाऱ्यानं विरळ करतात. आधी हाक मारतात, "सूनबाई, ही मळी का सावली?" प्रियदर्शनी येऊन बघते, मग दोघं मिळून ठरवतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी जुनी वस्तू असेल तर तिला कोपऱ्यात टेकवून ठेवू नका, तिला काम द्या. आणि घरात आबा असतील तर त्यांना दिवसातून दहादा "आराम करा" म्हणू नका. एकदा जवळ जाऊन म्हणा, "आबा, हे मला एकट्याला जमंना. येता का जरा?"